दूध उतू गेलं नव्हतं

दोन बायकांनी दुधावरून भांडावं तरी किती? त्या घरातल्या वहिनी आणि नणंद कित्येक वर्षं एकाच पातेल्यावरून भांडत होत्या, आणि तेही आजकालच्या नाही, कधीकाळी तापवलेल्या पातेल्यावरून. नणंद म्हणायची, त्या दिवशी दूध उतू गेलं. वहिनी म्हणायची, मुळीच नाही, मी वेळेवर गॅस बंद केला होता.

"बंद केलास, पण उतू गेल्यावर. शेगडी मग कोणी पुसली? मीच ना?"

"वन्सं, तुम्ही पुसलीत ती आदल्या रात्रीची भाजी होती. उगाच माझ्या दुधाला नावं ठेवू नका."

"बरं बाई, तू म्हणशील ती पूर्व दिशा."

मग दोघी तोंडं फिरवून जेवायच्या आणि झोपायच्या आधी एकमेकींच्या उशाशी पाण्याचा तांब्या ठेवायच्या.

'त्या दिवशी' म्हणजे कोणत्या दिवशी, हे मात्र दोघी कधी उच्चारत नसत. त्या दिवशी वहिनीच्या नवऱ्याला, म्हणजे नणंदेच्या धाकट्या भावाला, विश्रांतीला नेलं होतं. विश्रांतीला गेलेल्या माणसाबद्दल बोलायचं नसतं. बोललं की त्याची विश्रांती मोडते, असं सगळ्यांना शिकवलेलं. गेलेला कोणी परत आल्याचं कोणाच्या ऐकिवात नव्हतं, पण तसं विचारायचीही सोय नव्हती. दुधाबद्दल बोलायला बंदी नव्हती, म्हणून दोघी दुधाबद्दल बोलायच्या.

खरं दुखणं वहिनीच्या पोटात होतं. सकाळी ती माणसं आली, दाराबाहेर बूट काढून आत आली, त्यांनी तिच्या हातात फुलांचा गुच्छ दिला आणि नवऱ्याला म्हटलं, चला. तो उंबऱ्याशी पोचला आणि इकडे दूध वर आलं. ती धावली गॅसकडे. मागे वळून बघते तर दारात कोणी नाही. जाताना त्याने वळून पाहिलं असेल का, पाहिलं असेल तर त्याला काय दिसलं? बायकोची पाठ! हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं. निदान दूध तरी वाचलं, एवढ्या एका गोष्टीला धरून ती इतकी वर्षं उभी होती. तेही उतू गेलं होतं असं ठरलं, तर मग कशासाठी पाठ फिरवली होती तिने?

दोघी एकाच शर्टांच्या कारखान्यात कामाला होत्या. वहिनी मशीनवर कॉलर जोडायची. नणंद मात्र सुई-दोऱ्याला हात लावत नसे. ती वाचनबाई होती. लांबलचक खोली, दोन्ही बाजूंना मशीनच्या रांगा, टोकाला काज-बटणाचं टेबल, आणि मधोमध एक उंच स्टूल. त्या स्टुलावर बसून, गळ्याला शाल गुंडाळून, कोमट पाण्याचा घोट घेत ती दिवसभर मोठ्याने पुस्तक वाचायची. कान पुस्तकात असले की हात नीट चालतात आणि तोंडं बंद राहतात, असा वाचनखात्याचा शोध होता. वाचन थांबलं की मशीनंही हळूहळू थांबायची. म्हणून वाचनबाईला एकच मोठा नियम होता: काहीही होवो, थांबायचं नाही.

पुस्तकंही खात्याचीच. त्यांत नेहमी कुठल्यातरी भयंकर देशाची गोष्ट असे. त्याला सगळे नुसतं 'तो देश' म्हणत. त्या देशात माणसांच्या दंडावर आकडे गोंदलेले असायचे. तिथे भिंतींना कान होते. तिथे काळ्या गाडीतून बूट आपटत शिपाई यायचे आणि माणसांना केस धरून ओढत न्यायचे. बायका ऐकताना हळहळायच्या, चुकचुकायच्या, कोणी डोळ्यांना पदर लावायची. प्रकरण संपलं की मुकादमबाई घंटा वाजवायच्या आणि सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं, "नशीब आपलं, आपण तिथे नाही!"

आणि म्हणायच्या हो, अगदी मनापासून म्हणायच्या! आकडे त्यांनाही होतेच, पण ते एप्रनच्या खिशात आतल्या बाजूने भरतकाम केलेले, निळ्या रेशमाने. गाडी इथेही यायची, पण पांढरी. बूट आपटत कोणी येत नसे, बूट काढून येत. वहिनीचा स्वतःचा नवरा नेलेला, तरी तीही त्या देशातल्या बाईसाठी रडायची आणि घंटा झाली की म्हणायची, नशीब आपलं. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं म्हणतात. इथे तर ते कुसळ रोज वाचून दाखवायला पगारी माणूस ठेवलेलं होतं.

त्या आठवड्यात पुस्तक आलं ते पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यातून. तिथे कोणीतरी खळीचं भांडं त्यावर लवंडलं असावं, कारण मधली पानं एकमेकांना चिकटून पुठ्ठ्यासारखी झाली होती. नणंदेला त्याचं विशेष काही वाटलं नाही. अशी फाटकी, चिकटलेली पानं आली की ती आपल्या पदरचं काहीबाही घालून पुढे जायची. दोन वाक्यं वाऱ्याची, दोन तुरुंगाच्या भिंतीची, की पुढलं सुटं पान सापडायचं. कोणाला पत्ताही लागत नसे.

त्या दिवशी दुपारी ती वाचत होती. त्या देशातली एक बाई पहाटे उठते. घरात नवरा आहे. दारावर थाप पडते. नणंदेने पान उलटलं आणि तिच्या हातात पुठ्ठा आला. तिने नखाने कड सोडवून पाहिली, ती सुटेना. मशीनं चालली होती, मुकादमबाई बघत होत्या. ती घोटभर पाणी प्यायली आणि पुढे बोलायला लागली.

"दाराबाहेर माणसं उभी होती. त्यांनी बूट काढले आणि भिंतीशी नीट जोडीने ठेवले. आत येऊन त्यांनी बाईच्या हातात फुलं दिली. फुलं ओली होती, त्यांचं पाणी तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. नवरा म्हणाला, चहा घेऊन निघू या का? ते म्हणाले, चहा तिकडे आहे. मग त्याने सदऱ्याचं वरचं बटण लावलं..."

वहिनीचं मशीन थांबलं. आपलं थांबलं हे तिला कळलं नाही, कारण शेजारचंही थांबलं, त्याच्या शेजारचंही. खोलीत नुसता नणंदेचा आवाज राहिला. त्या खोलीत अशी बाई क्वचितच असेल जिच्या घरी कधी ओली फुलं आली नव्हती.

"तो उंबऱ्यात थांबला. त्याने मागे वळून बघितलं. बायको दुधाकडे बघत होती. आणि एवढं करूनही दूध उतू गेलं."

"दूध उतू गेलं नव्हतं!"

हे कोण ओरडलं म्हणून वहिनीने इकडेतिकडे पाहिलं. सगळ्या तिच्याकडेच बघत होत्या. ती उभी होती, हातात अर्धी जोडलेली कॉलर.

"नव्हतं गेलं," ती म्हणाली. घरात म्हणायची तशीच, ठसक्यात. "गॅस मी बंद केला होता."

घ्या! झालं ना वाटोळं? पुस्तकातल्या बाईचं दूध, आणि गॅस बंद केला हिने. मुकादमबाईंच्या हातातली घंटा वाजली. वाजायलाच हवी होती, तो त्यांचा धर्म होता. पण 'नशीब आपलं' कोणी म्हटलं नाही. मुकादमबाईंनी पुन्हा वाजवली. तेव्हा काज-बटणाच्या टेबलावरच्या म्हाताऱ्या आत्याबाई (साऱ्या खोलीच्याच त्या आत्या) एकट्याच म्हणाल्या, "मशीनं चालू करा गं पोरींनो." आणि मशीनं चालू झाली.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर दोघी दिवा न लावताच बसल्या.

"वन्सं, का केलंत असं?"

"अगं, मुद्दाम केलं का मी? वारा घालणार होते, पाऊस घालणार होते. पण थाप पडली म्हटलं, आणि पुढे तोंडाला दुसरं काही आलंच नाही. आपला बाबू दिसायला लागला बटण लावताना." इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिने भावाचं घरातलं नाव घेतलं होतं. "आणि तू गं? तुला काय गरज होती मध्ये तोंड घालायची?"

"तुम्ही सगळ्यांसमोर माझं दूध उतू घालवलंत!"

नणंदेला हसू फुटलं. वहिनीलाही आलं. दोघी तोंडावर हात दाबून हसल्या. मग वहिनी रडायला लागली तरी नणंदेचा हात तिच्या पाठीवरून फिरतच होता.

"आता ऐक," नणंद शेवटी म्हणाली. "उद्या विचारायला येतील. तू काही बोलायचं नाहीस. अळीमिळी गुपचिळी. मी बोलेन, आणि मी जे बोलेन त्याला तू हो म्हणायचं."

"आणि तुम्हाला नेलं तर?"

"तुला नेलं तर मी कोणाशी भांडू?"

वहिनीने उठून दिवा लावला.

दुसऱ्या दिवशी वाचनखात्याचे साहेब आले. कारखान्याच्या दाराशी त्यांनी बूट काढले, भिंतीशी जोडीने ठेवले. त्या दिवशी घरी आलेल्यांतले हे नव्हते, पण ती तऱ्हा बघून वहिनीची पाचावर धारण बसली. साहेबांचा आवाज मऊ होता. त्यांनी खुर्ची मागितली, सगळ्यांना काम चालू ठेवायला सांगितलं आणि एकेकीला विचारलं, काल काय ऐकलंत?

पहिली म्हणाली, काळी गाडी आली. दुसरी म्हणाली, शिपाई बूट आपटत आत घुसले. तिसरी म्हणाली, नवऱ्याला केस धरून ओढत नेलं, फार वाईट वाटलं साहेब. हे पुस्तक आधीही या खोलीतून फिरून गेलं होतं, सगळ्यांना ते पाठच होतं. आदल्या रात्री कोणी कोणाशी बोललं नव्हतं, तरी रांगेतल्या सगळ्यांनी काळी गाडीच सांगितली. आत्याबाईंनी तर शिपायांच्या मिशासुद्धा सांगितल्या. वहिनीच्या मनात आलं, वाचल्या वन्सं, वाचल्या!

साहेब कौतुकाने ऐकत होते. मग त्यांनी पुस्तक मागवलं, मांडीवर घेतलं आणि चिकटलेली पानं बोटांत धरून सगळ्यांना दिसतील अशी वर केली.

"काळी गाडी या पानांच्या आत आहे," ते म्हणाले. "पानं तर कोणी उघडलेलीच नाहीत. तुमची सगळ्यांची स्मरणशक्ती फार चांगली आहे."

हातच्या कांकणाला आरसा कशाला? खोलीत कोणी मान वर केली नाही.

"मुकादमबाई सांगतात, काल दुधाचा काही विषय निघाला. पुस्तकात दूध नाही. कोणाच्या घरचं दूध ते?" आणि त्यांनी वहिनीकडे पाहिलं. तिने तोंड उघडलं.

"माझ्या घरचं," नणंद स्टुलावरून म्हणाली. "पानं चिकटली होती साहेब, थांबायची परवानगी नाही. मी पदरचं घातलं. माझा भाऊ गेला त्या सकाळचं. मी होते तिथे. सगळं बघितलं."

"आणि या? या म्हणाल्या, गॅस मी बंद केला."

"ही?" नणंदेने असा काही हात उडवला की बघत राहावं. "हिला काय माहीत? ही त्या दिवशी घरी नव्हतीच. माहेरी गेली होती. आमची रोज दुधावरून जुंपते, विचारा कोणालाही. हिच्या हातून रोज उतू जातं. तिला वाटलं, मी भर कारखान्यात तिलाच टोमणा मारला. डोकं कमी, तोंड जास्त, असं आहे आमच्या वहिनीचं."

एकदोघी फिस्सकन हसल्या. साहेबही हसले.

"खरं का?" त्यांनी वहिनीला विचारलं. "तुमचे यजमान विश्रांतीला गेले तेव्हा तुम्ही घरी नव्हता?"

गुच्छ हातात घेतलेली ती होती. पाणी कोपरापर्यंत ओघळलं ते तिचं मनगट होतं. नवऱ्याचा शेवटचा चहा राहून गेला, तो चहा टाकायला उठलेली ती होती. एवढं एकच तिच्यापाशी उरलं होतं, की ती तिथे होती. नणंद स्टुलावरून तिच्याकडे बघत होती. डोळ्यांनीच दटावत होती, म्हण, म्हण लवकर, मेले.

"नव्हते," वहिनी म्हणाली. "माहेरी होते."

साहेबांना खरं माहीत नसेल? त्या गुच्छाचीसुद्धा कुठेतरी नोंद असेल. पण त्यांना एक माणूस हवं होतं आणि ते राजीखुशीने मिळत होतं, मग कशाला खोलात शिरतील? बाहेर पांढरी गाडी उभीच होती. त्यांनी गुच्छ आणायला सांगितला. नणंदेला भाऊ उरला नव्हता, नवरा नव्हता, घरातलं माणूस म्हणजे वहिनीच. तेव्हा गुच्छ रीतीप्रमाणे वहिनीच्या हातात आला. ओला होता.

नणंद स्टुलावरून उतरली. शाल सुटली होती, ती गळ्याला नीट गुंडाळून द्यायला वहिनी पुढे झाली. फुलं काखेत धरून ती शालीचं टोक खोचत होती तेव्हा नणंदेने मान खाली घातली आणि तिच्या कानाशी बोलली.

"वहिनी, दूध उतू गेलं नव्हतं. बंद केला होतास तू गॅस. मी बघितलं होतं."

"मग इतकी वर्षं..."

"दुसरं काय होतं गं आपल्याकडे बोलायला? आणि तो वळला होता. तुला धावताना बघून हसला. 'हिचं दूध!' म्हणाला आणि हसत गेला."

एवढंच. मग ती साहेबांच्या मागून चालत गेली. या वेळी वहिनीने पाठ फिरवली नाही. दारातून, मग खिडकीतून, गाडी वळेपर्यंत बघत राहिली. नणंदेने मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर वहिनीचा बांध फुटला असता आणि साहेबांना खोलात शिरावंच लागलं असतं, हे तिला ठाऊक होतं. डोकं जास्त होतं त्या बाईला!

वाचन थांबवायचं नसतं. जाता जाता साहेबांनी मुकादमबाईंना सांगून ठेवलं होतं की नव्या वाचनबाई म्हणून वहिनींनाच बसवा, आवाज खणखणीत आहे. ही बक्षिसी होती की शिक्षा, ते ज्याने त्याने ठरवावं. वहिनी स्टुलावर बसली. स्टूल नणंदेच्या उंचीचं होतं, तिचे पाय अधांतरी लोंबायचे.

नवीन प्रत आली, कोरी करकरीत, सगळी पानं सुटी. घरी ती दूध आणेनाशी झाली होती. एकटीसाठी कशाला, म्हणायची. कोणाशी भांडण नसलेल्या त्या स्वयंपाकघरात तिला उभं राहवत नसे. इकडे पुस्तक आपल्या गतीने पुढे सरकत होतं, आणि एक दिवस ते प्रकरण आलं.

तिने ठरवलं होतं, छापलंय तसंच वाचायचं. वन्सं गेल्या त्या तिला वाचवायला. ते पाण्यात घालवायचं नाही. ती वाचत गेली. थाप पडली. तिने पान उलटलं, ते सहज उलटलं. काळी गाडी आली, तिने वाचलं. शिपाई बूट आपटत आत घुसले, तिने वाचलं. एक शब्द इकडचा तिकडे केला नाही.

आणि मशीनं थांबली. आधी जवळची, मग लांबची. तिने मान वर करून पाहिलं. ती काळी म्हणत होती, पण खोलीतल्या एकीच्याही डोळ्यांपुढे काळी गाडी नव्हती. प्रत्येकीला आपापल्या दाराबाहेर जोडीने ठेवलेले बूट दिसत होते, आता त्यांच्यासाठी पुस्तकातला शब्द बदलायची गरजच उरली नव्हती. मुकादमबाईंनी घंटा हातात घेतली.

"आणि दूध गं?" काज-बटणाच्या टेबलावरून आत्याबाईंनी विचारलं. त्यांनी मान वर केली नव्हती, सुई चालूच होती.

वहिनीने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं असतं तर चाललं असतं. पुढचं वाक्य समोर होतं, छापील, सुरक्षित. त्यावर तिने बोट ठेवलं, वाचताना ठेवतात तसं, आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

"दूध उतू गेलं नव्हतं. बायकोने गॅस बंद केला होता. ती घरीच होती. नवरा उंबऱ्यात वळला, तिला बघून हसला आणि गेला. आणि त्याची बहीण, तीही तिथेच होती. तिने सगळं बघितलं."

मुकादमबाईंनी घंटा वाजवली. पुन्हा वाजवली. मग त्या एकट्याच म्हणाल्या, "नशीब आपलं," आणि पुढचं त्यांनाही म्हणवेना. वहिनीने कोमट पाण्याचा घोट घेतला आणि पुढचं पान उलटलं.